परदेशी महानगरातील 'राहणे' आणि 'पाहणे' : मराठी प्रवासवर्णनाचे झाडीपट्टीतून वाचन

मराठी वाङ्मयात प्रवासवर्णन हा प्रकार वाचकप्रिय असूनही समीक्षेने त्याकडे दुय्यम दृष्टीनेच पाहिलेले आहे. कादंबरी, कविता आणि नाटक यांच्या चर्चेतून उरलेल्या जागेत प्रवासवर्णनाची सोय लावली जाते आणि तीही ठरावीक निकषांवर : लेखकाची निरीक्षणशक्ती, स्थळवर्णनातील चित्रमयता, विनोद, शैलीचे लालित्य. परीक्षेतील प्रश्नही याच निकषांभोवती फिरतात आणि उत्तरेही त्याच साच्यातून निघतात. लेखक परक्या शहरात गेला तेव्हा तो तेथे राहिला, की त्याने ते शहर केवळ पाहिले, हा साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

'राहणे' या क्रियापदात खोली मिळवणे, भाडे देणे, घरमालकिणीच्या नियमांशी जुळवून घेणे, थंडी सोसणे, स्वस्त जेवणाची जागा शोधणे आणि रविवारी करायला काहीच नाही हे अनुभवणे हे सारे येते. 'पाहणे' या क्रियापदात संग्रहालये, राजवाडे, नाट्यगृहे, उद्याने येतात. मराठी प्रवासवर्णनकारांनी आणि त्यांच्या समीक्षकांनी दुसऱ्या क्रियापदाला संस्कृती मानले आणि पहिल्याला मजकुरातील फोडणी. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा करावयाची आहे. तसे करताना ती चंद्रपूर-गडचिरोलीतील अध्यापकाच्या आणि विद्यार्थ्याच्या जागेवरून करणे मला आवश्यक वाटते. ज्या विद्यार्थ्याला सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर सुमारे २०० किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो, त्याच्या दृष्टीने नागपूर हेही काही काळ परदेशच असते. लंडनविषयीचे पुस्तक तो ज्या प्रश्नांनिशी उघडतो ते मुंबई-पुण्याच्या वाचकाचे प्रश्न नसतात.

शीर्षकातील क्रम

पंडिता रमाबाई यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या. या पुस्तकाच्या शीर्षकात 'लोकस्थिती' आधी आहे आणि 'प्रवासवृत्त' नंतर. हा क्रम सहज पडलेला नाही. सागरी प्रवासाचे वर्णन आटोपल्यावर रमाबाई राज्यव्यवस्था, घरगुती स्थिती, विद्या, धर्मसंस्था व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापार अशा विषयांकडे वळतात. घर कसे चालते, स्त्री काय काम करते, तिला त्याचा मोबदला मिळतो की नाही, शिक्षणाची दारे तिला कशी उघडली, हे त्यांचे कुतूहल आहे. अमेरिकेचे त्या भरभरून कौतुक करतात. तथापि कृष्णवर्णीयांविषयीचा तेथील दुराग्रह आणि मूळच्या रहिवाशांची झालेली ससेहोलपट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या जिल्ह्यांत हे पुस्तक शिकवायचे झाल्यास मूळ रहिवाशांविषयीच्या त्या मजकुरापाशी थांबावे लागेल. जंगलात आधीपासून राहणाऱ्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न येथे पुस्तकी नाही.

रमाबाईंचे पुस्तक रंजक नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती काही अंशी खरीही आहे. आकडे आणि संस्थांची माहिती यांनी काही प्रकरणे जड झाली आहेत. परंतु परदेशातील दैनंदिन जीवन हा स्वतंत्रपणे विचार करण्याजोगा विषय आहे, हे त्यांनी ओळखले. पुढील काळात लालित्याच्या मोहात हीच जाणीव मागे पडली, असे माझे मत आहे.

'अपूर्वाई' आणि तिचा वाचक

पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते 'किर्लोस्कर' मासिकातून वाचकांच्या घरोघर पोहोचले होते आणि शि. द. फडणीस यांच्या चित्रांनी ते डोळ्यांतही भरले होते. दूरचित्रवाणीच्या माध्यमाचा अभ्यास करण्यासाठी पु. ल. लंडनला गेले होते. म्हणजे ते केवळ सहलीला गेलेले नव्हते; काही काळ ते तेथे राहिले. त्या वास्तव्याचा लाभ पुस्तकाला झाला आहे. त्यातील उत्तम पाने इमारतींची नाहीत, माणसांची आहेत. इंग्रजी शिष्टाचारापुढे गोंधळलेला मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ हे त्यातील खरे पात्र, आणि त्या गोंधळावर हसणारा निवेदकही तोच.

या विनोदाची एक अट आहे. आपण परक्यांत कसे हास्यास्पद दिसलो, हे हसत हसत सांगण्यासाठी आपल्या घरी आपली प्रतिष्ठा शाबूत आहे याची खात्री असावी लागते. पु. लं.च्या निवेदकाला ती आहे आणि त्याच्या मूळ वाचकालाही ती होती. तो वाचक पार्ल्याचा, गिरगावचा, सदाशिव पेठेचा. जेवणातील वरणभाताची आठवण त्याला सांगावी लागत नाही. वर्गात हे पुस्तक शिकवताना मला वारंवार असे दिसले आहे की विद्यार्थी हसतात, पण थोडे उशिरा हसतात. विनोद त्यांना कळतो. ज्या घराशी तुलना करून तो उभा आहे ते घर मात्र त्यांना आधी कल्पनेने उभारावे लागते. मग हसणे ओसरल्यावर प्रश्न येतात : खोली कशी मिळाली? पैसे किती लागत? रोज काय खात? तेथे कोणी जात विचारली का? शेवटच्या प्रश्नाला 'अपूर्वाई'त उत्तर नाही, कारण तो प्रश्न तिला पडलेलाच नाही. हे पु. लं.च्या प्रतिभेचे उणेपण नव्हे, ती त्यांच्या सामाजिक स्थानाची कक्षा आहे. पण ती कक्षा आहे हे सांगणे समीक्षेचे काम होते आणि ते पुरेसे झालेले नाही.

डॉ. मीना प्रभू (निधन २०२५) यांच्या 'माझं लंडन'विषयी थोडक्यात सांगता येईल. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या लेखिकेने लंडनमध्ये अनेक दशके काढली. त्यामुळे शीर्षकातील 'माझं' हे सर्वनाम त्यांनी कमावलेले आहे. असे असूनही पुस्तकाचा मुख्य भर शहरातील स्थळे आणि त्यांचा इतिहास यांवर आहे. रहिवाशाने वाटाड्याची भूमिका पत्करली आणि ती चोख बजावली. लंडनला निघालेल्या मराठी माणसाला हे पुस्तक सुचवले जाते, यातच त्याचे यश आहे आणि मर्यादाही.

नाटकाला जाणे म्हणजे काय?

परदेशातील सांस्कृतिक अनुभवांत नाटकाचे स्थान मोठे. मराठी माणूस लंडनला गेला आणि त्याने नाटक पाहिले नाही, असे क्वचितच घडते. मात्र प्रवासवर्णनांतील नाट्यानुभव बहुधा पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंतच चालतो. नटाचा अभिनय, नेपथ्याची करामत, प्रेक्षकांची शिस्त, आणि मग आपल्याकडील अव्यवस्थेविषयी एक सुस्कारा. तिकिटासाठी लेखकाने त्या आठवड्यात कशाला कात्री लावली, शेजारच्या खुर्चीवर कोण होते, नाटक सुटल्यावर शेवटची गाडी गाठण्यासाठी किती धावावे लागले, हे 'संस्कृती'च्या बाहेर राहते.

झाडीपट्टीतील वाचकाला हे कोडे वाटावे. येथे नाटकाला जाणे हा पडद्यापुरता व्यवहार नाही. धानाची कापणी होते, दिवाळी उलटते आणि गावोगाव मंडई भरू लागते. देसाईगंज म्हणजे आपली वडसा. तेथील कंपन्यांच्या तारखा ठरतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक, असा बेत असतो. नाटक ज्या गावात, त्या गावातील प्रत्येक घरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात आणि सोयरिकींची बोलणीही याच निमित्ताने होतात. थंडीत पांघरुणे घेऊन माणसे मंडपात बसतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे संपतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निरोप देईपर्यंत नाटक चालूच असते, असे म्हटले तरी चालेल. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या इतर भागांनी या रंगभूमीची दखल घेतली. पण ती घेतानाही चर्चा बहुतांशी नाटकांच्या संख्येची आणि उलाढालीची झाली. पाहुण्यांसाठी मांडलेल्या त्या पंगतीची झाली नाही.

सांगण्याचा मुद्दा झाडीपट्टीचे नाटक लंडनच्या नाटकापेक्षा श्रेष्ठ आहे असा नाही. तशी तुलना निरर्थक ठरेल. मुद्दा वाचनाचा आहे. ज्या प्रेक्षकाला नाट्यानुभव राहण्यापासून वेगळा काढताच येत नाही, तो प्रवासवर्णनातील नाट्यानुभवाची ही कापणी चटकन ओळखतो. परदेशस्थ मराठी मंडळींनाही प्रत्यक्षात ही कापणी मानवलेली नसावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभे राहिले. तेथे गणेशोत्सवात जे नाटक होते त्याचा रस रंगमंचावर कमी आणि मध्यंतराच्या गर्दीत अधिक असतो, असा माझा तर्क आहे. त्या मंडळांचा अभ्यास एखाद्या अभ्यासकाने मंडईच्या अंगाने करावा. 'अस्मितेचे जतन' या गुळगुळीत शब्दप्रयोगापेक्षा त्यातून अधिक काही हाती लागेल.

संग्रहालयांबाबत असेच घडते. लंडनमध्ये मराठी प्रवासी कोहिनूर पाहतो, भवानी तलवारीची आठवण काढतो आणि हळहळतो. ही हळहळ आता इतकी ठरीव झाली आहे की तिच्यात दुःखापेक्षा रिवाज अधिक जाणवतो. आपल्या भागातील वाचकाला सांगण्याजोगी एक वेगळी वस्तू लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहात आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर-चांदा परिसरातून जीवाश्म गोळा केले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथील दगडात सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले आणि 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे तिचे नामकरण केले. हिरा नव्हे, तलवार नव्हे. आपल्या पायाखालचा दगड. मराठी प्रवासवर्णनाने संग्रहालयात काय शोधायचे हे आधीच ठरवून टाकले असल्यामुळे अशा वस्तूपाशी त्याचे पाऊल थबकत नाही.

वाचनालयातील खुर्ची

ब्रिटिश म्युझियम ही मराठी प्रवासवर्णनातील हमखास जागा. त्याच वास्तूत तेव्हा प्रसिद्ध वाचनालय होते आणि १९२० ते १९२३ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे वाचत बसत. एकच इमारत; एकाने ती पाहिली आणि दुसऱ्याने तिचा उपयोग केला. बाबासाहेबांनी परदेशातील वास्तव्याचे प्रवासवर्णन लिहिले नाही. पण चांगदेव खैरमोडे आणि धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथांतून त्या दिवसांचे जे चित्र उभे राहते ते मराठीतील कोणत्याही लंडनवर्णनाइतके ठसठशीत आहे. घरमालकिणीने दिलेली तुटपुंजी न्याहारी, दुपारच्या जेवणाला दिलेली काट, रात्री भूक लागल्यावर भाजलेले चार पापड, आणि त्यावर पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. येथे पापड ही मराठी चवीची हुरहुर नाही, ते जेवण आहे. 'अपूर्वाई'तील खाद्यस्मरण आणि हे पापड यांतील अंतर समीक्षेने मोजायला हवे.

त्याहून महत्त्वाचा धागा 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मपर लेखनात आहे. अमेरिका-इंग्लंडमधील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे ते तेथे नमूद करतात. न्यूयॉर्कला ते १९१३ साली गेले, कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. टेबलावर बसणे, खोली वाटून घेणे, ग्रंथालयात शिरणे या गोष्टींसाठी कोणाची परवानगी लागली नाही. म्हणजे जे दैनंदिन जीवन इतर लेखकांना वर्णनीयही वाटत नाही, तेच येथे सर्वात मोठा सांस्कृतिक अनुभव ठरते. परतल्यावर बडोद्याला नोकरीवर रुजू होताना पहिला प्रश्न उभा राहिला तो राहण्याचा. पारशी पथिकाश्रमातून त्यांना हुसकावण्यात आले, मित्रांकडे आसरा मिळाला नाही, आणि मुंबईची रात्रीची गाडी होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. सार्वजनिक बाग हे सहलीचे स्थळ. ज्याला राहायला जागा नाही त्याच्या वाट्याला ते असे येते. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात या छोट्या लेखनाचा मराठी अनुवाद का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. 'ते प्रवासवर्णन नव्हे, आत्मचरित्र होय' हे उत्तर वाङ्मयप्रकारांच्या कुंपणाची काळजी घेते, वाचकाची नव्हे.

चंद्रपूरला हा धागा परका नाही. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे याच शहराचे. लंडनहून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. त्यांच्या पुढाकाराने १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जमणारा समुदाय 'बॅरिस्टर' हा शब्द ज्या आपुलकीने उच्चारतो, त्यात लंडनविषयीचे एक वेगळे आकलन साठलेले आहे. लंडन हे जाऊन पाहण्याचे शहर नाही. जाऊन, शिकून, परत येण्याचे शहर आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही १९८३-८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले. परतीच्या या प्रवासाला मराठी प्रवासवर्णनात प्रकरण नसते. विमान उतरले की पुस्तक संपते.

आता परिस्थिती बदलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी गावातून आश्रमशाळेमार्गे अमेरिकेतील औषधसंशोधनापर्यंत पोहोचलेल्या एका शास्त्रज्ञाची वार्ता २०२२ साली वृत्तपत्रांतून सर्वत्र झळकली. त्या वार्तांचा साचा मात्र ठरलेला होता : बालपणीचा उपवास, मोहाची फुले, आणि एकदम प्रयोगशाळा. मधली वर्षे गाळलेली. परक्या शहरातील पहिला हिवाळा, पहिला घरमालक, भाषेची अडचण, सुटीच्या दिवशीचे एकाकीपण, कोणी विकत घेऊन दिलेले पहिले नाटकाचे तिकीट. या गाळलेल्या वर्षांतच मराठीतील पुढचे प्रवासवर्णन दडलेले आहे. ते लिहिणाऱ्याने स्थळांची यादी करण्याची जरूर नाही. ती कामे आता भ्रमणध्वनीवरील नकाशे करतात आणि चित्रफिती तर स्थळ दाखवूनही टाकतात. लिहिणाऱ्याच्या हाती राहणेच उरले आहे. आपल्या महाविद्यालयांतून गेलेल्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहायला, टिपणे ठेवायला सांगणे हे अध्यापकांना सहज जमण्याजोगे काम आहे. मात्र ती टिपणे हाती आल्यावर त्यांत 'लालित्य' शोधण्याची आपली सवय आपल्याला आवरावी लागेल.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थिदशेत राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक उभारले. पुढे स्थानिक कॅम्डन परिषदेने घराचा असा वापर बदलण्यास परवानगी नाकारली. निवासी वस्तीतील राहण्याची जागा कमी होते, हा परिषदेचा एक आक्षेप होता आणि काही शेजाऱ्यांनी वर्दळीची तक्रार केली होती. जाहीर चौकशी झाली आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश शासनाने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. राहण्याचे घर पाहण्याचे घर व्हावे काय, यावर एका परक्या नगरपरिषदेने इतका काथ्याकूट केला. आज चंद्रपूर-नागपूरकडून लंडनला जाणारे अनेकजण राजवाड्याआधी त्या घरी जातात आणि तेथील लहानशा खोलीत उभे राहून अंथरूण कोठे होते, टेबल कोठे होते, याची विचारणा करतात.